शांतीच्या कामात नव्याने आलेल्या मुलीला

अगं, फलक रंगवण्याआधी जुन्या बायकांची कामं समजून घे. सुधाताई जोशींनी १९५५ साली गोव्याच्या मुक्तीसाठी म्हापशात सत्याग्रह केला आणि पोर्तुगीजांची कैद भोगली. निर्मला देशपांडे २००० साली बायकांची बस घेऊन लाहोरला गेल्या, तेव्हा कारगिलच्या युद्धाला वर्षही उलटलं नव्हतं! सरकारं तोंड फिरवून बसलेली असताना या बोलायला गेल्या, हे मला फार मोठं वाटतं.

वाड्यावर तंटा पेटला की तूही आधी दोन्ही घरच्या बायकांना भेट. चहा घे, ऐकत राहा. इकडचं तिकडे मुळीच सांगू नकोस, नाहीतर दारं कायमची बंद होतात. एकटी मात्र जाऊ नकोस. रविवारी मडगावच्या बैठकीला ये, सोबतीला कोण ते तिथेच ठरवू.