कॉर्न स्नेकचं पिल्लू चावेल या भीतीने हातात घेता येत नाही. ही भीती कशी घालवावी?

पेटीत हात घालायचा, पिल्लाने मान आखडली की झटकन बाहेर काढायचा, असं तुमचं तीन आठवडे चाललंय. पिल्लू तीन महिन्यांचं. दोनदा झडप घालून झालीय, चावलेलं मात्र एकदाही नाही. आणि तुम्ही विचारताय की भीती कशी घालवू, किती दिवस लागतील. एरवी अशा प्रश्नाखाली चार जण ‘घाबरू नका’ लिहून जातात, त्यात मी भर घातली नसती. पण तो मागे घेतलेला हात माझ्या चांगलाच ओळखीचा आहे.

माझी सुतळी आता सहा वर्षांची झाली. कॉर्न स्नेकच (घरी पाळतात तो बिनविषारी साप), मादी, चार फुटांच्या आसपास. घरी आली तेव्हा वीतभराहून थोडी मोठी आणि पेन्सिलीएवढी जाड होती, शेपटीकडे तर बुटाच्या नाडीएवढी. नाव दादाने ठेवलं, लाडाने नव्हे, चेष्टेने. तुमचं पिल्लू करतंय तेच सगळं तीही करायची. मान नागमोडी दुमडून मागे घ्यायची आणि शेपटी थरथरवायची. खाली कागद अंथरलेला असायचा. त्यावर शेपटी आपटून असा टर्रर्र आवाज यायचा, की पहिल्यांदा मला वाटलं हीटरची वायर जळतेय. शेपटीला खुळखुळा नसलेले पुष्कळ साप हे करतात. त्याचा अर्थ ‘लांब राहा’ एवढाच.

घरी आल्यावर आठवडाभर मी तिला हात लावला नाही. ते बरोबर होतं. नव्या जागेत पिल्लाला आधी लपू द्यावं, दोन-तीन वेळा पोटभर खाऊ द्यावं. चुकलं ते पुढे. त्या आठवड्याचा मी महिना केला. रोज रात्री पेटीसमोर बसायचं, झाकण उघडायचं, हात आत न्यायचा. तिने मान उचलली की हात बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तिच्या जागी बसून बघा. वरून काहीतरी मोठं येतं, थांबतं, जातं, परत येतं. एवढ्याशा सापाला खाणारे पक्षी वरूनच येतात. मी रोज दहा मिनिटं तिची घाबरण्याची तालीम घेत होते, सोबत माझीही.

मग ती संध्याकाळ. गोठवलेली पिंकी (उंदराचं नवजात पिल्लू, तिचं जेवण) कोमट पाण्यात वितळवून झाली होती, चिमटा शोधत होते, तेवढ्यात दिसलं की पेटीतली पाण्याची वाटी कलंडलीय. बोटं पंचाला पुसली आणि सरळ हात घातला. गंमत बघा, त्या दिवशी मी अजिबात घाबरलेली नव्हते. डोक्यात फक्त वाटी होती.

चावताना ती मला दिसलीच नाही. दिसलं ते एकदम करंगळीला लटकलेलं पिल्लू. दुखलंही नाही. रक्त तपासायला बोटाला सुई टोचतात ना, त्याहून कमी. पण मी किंचाळले आणि हात झटकला. ती हवेत गिरकी घेऊन कपाटाच्या पायावर आपटली, क्षणभर तशीच पडून राहिली आणि मग कपाटाखाली शिरली. करंगळीवर बारीक ठिपक्यांची अर्धी कमान उठली होती. रात्री झोपताना ती दिव्याखाली धरून शोधावी लागली, इतकीच.

सुतळी मात्र दोन दिवस सापडली नाही. दादा घरातच होता. त्याचं पहिलं वाक्य, “ओरडलीस म्हणून चावली.” अरे, चावल्यावर ओरडले! शिवाय सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीतली कंपनं आणि खालच्या पट्टीतले आवाज त्याला कळतात, आणि माझी किंकाळी खालच्या पट्टीतली नक्कीच नव्हती. प्रत्येक दाराच्या उंबऱ्याशी पिठाची पातळ रेघ ओढून ठेवली, म्हणजे ती कुठून कुठे गेली ते कळावं. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघराच्या दारातल्या पिठावर दोऱ्याने काढल्यासारखी वळणं उमटली. फ्रिजच्या मागे, मोटरच्या उबेला, डोक्यावर धुळीचं जळमट घेऊन बसली होती. खालचा ओठ एका बाजूला सोललेला आणि सुजलेला. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, दोन दात गेले होते. सापाचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात, त्यामुळे ते भरून निघाले. पण पुढचे तीन आठवडे तिने अन्नाला तोंड लावलं नाही, ते दिवस माझे कसे गेले ते मला ठाऊक.

दादाचा निकाल तेव्हापासून ठरलेला आहे. “सापाला माणसाच्या भीतीचा वास येतो. ज्याला भीती वाटते त्याने साप पाळू नये.” सहा वर्षं, घरात चार माणसं जमली की हे वाक्य येतंच. तर दादा, तू हे वाचशीलच, म्हणून इथे सविस्तर लिहिते. साप दुटोकी जिभेने हवेतले वासाचे कण गोळा करतो आणि टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे पोचवतो. त्या संध्याकाळी त्या अवयवाकडे उंदीर पोचला होता. माझ्या बोटांना तोच वास होता. पंचाला पुसून वास जात नाही, साबण लागतो. बॉल पायथन या छोट्या अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, कॉर्न स्नेकला त्याही नाहीत. हिने वास घेतला, हालचाल बघितली आणि जेवण आलं असं समजून तोंड मारलं. महिनाभर मी थरथरत होते तेव्हा एकदाही चावली नाही, आणि बेफिकीर हात घातला त्या दिवशी चावली. मग भीतीचा वास कुठे गेला?

हे भांडण तुमच्या कामाचं आहे म्हणून लांबवलं. चावे दोन प्रकारचे. घाबरून मारलेला चावा टोचून लगेच सुटतो. त्याआधी मान दुमडणं, शेपटी, फूत्कार हे सगळं होतं. तुमच्या दोन झडपा बहुधा याच जातीच्या. दुसरा भुकेचा. त्यात साप धरून ठेवतो, कधी बोटाला वेटोळंही घालतो. हा बहुतेक वेळा आपल्याच गलथानपणामुळे होतो आणि हात धुतले की जवळजवळ संपतो. राहिला पहिला. तीन महिन्यांच्या कॉर्न स्नेकचा चावा म्हणजे काय ते वर सांगितलंच. तुम्हाला भीती चाव्याची वाटते, मला तुमच्या झटक्याची वाटते. ओठ सोलला तो त्यानेच.

ओठ बरा होऊन, तिने लागोपाठ दोनदा खाल्ल्यावर मी पुन्हा सुरुवात केली. जमिनीवर गादी टाकली, पेटी गादीवरच ठेवली, म्हणजे हात झटकलाच तर पडायला चार बोटांची उंची. हात वास नसलेल्या साबणाने कोपरापर्यंत धुतले. पुठ्ठ्याच्या नळीने (टिश्यूचा रोल संपल्यावर उरते ती) तिच्या पाठीला हलकेच स्पर्श केला. त्याने तिला कळतं की हे जेवण नाही. मग हात वरून न आणता बाजूने, जमिनीलगत सरकवत नेला, आणि ठरवलं की एकदा निघालेला हात आता थांबणार नाही. वेगाने नाही, पण न थांबता. तिने मान दुमडली, मी बघितली, हात चालू ठेवला. बोटं पोटाखाली मधोमध गेली आणि उचलली. बस. तोंड धरायचं नाही, शेपटी धरायची नाही, वरून मूठ आवळायची नाही.

उचलल्यावर काय झालं? ती माझ्या हातावर शिटली. वर शेपटीकडच्या ग्रंथींतून तो घाणेरडा वास सोडला, जो तीन वेळा धुऊनही मनगटाला राहतो. चावली मात्र नाही. मग एकेका बोटाखालून वरून जायला लागली आणि पोटावरचे रुंद खवले कातडीला अडकून सुटताना कळायला लागले, जिभेचं टोक एकदा नखाला लागलं. दोन मिनिटांचा गजर लावला होता. तो वाजला, ठेवून दिली. माझी छाती इतकी धडधडत होती की मी गादीवर आडवीच झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन मिनिटं. मग जेवणाचा दिवस आला, त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस सुट्टी. खाल्ल्यावर 48 तासांच्या आत हातात घेतलं तर ती खाल्लेलं उलटून टाकू शकते, आणि लहान पिल्लाला ते फार जड जातं. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हाही सुट्टी. त्या दिवसांत नीट दिसत नाही म्हणून शहाणा सापही चिडका होतो.

धडधड कधी गेली ते मला आठवत नाही, कारण मी ती जायची वाट बघणं सोडलं होतं.

हातमोज्यांबद्दल. ते दादानेच आणून दिले होते, जाड चामड्याचे. त्यांतून पेन्सिलीएवढं पिल्लू किती दाबलं जातंय हे कळत नाही, दात अडकतात, आणि मुख्य म्हणजे मोजे काढायचा दिवस कधी उजाडत नाही. माझा महिना त्यात गेला. अगदीच हिंमत होत नसेल तर लांब बाह्यांचा शर्ट घाला. आणखी एक सल्ला तुम्हाला मिळेलच, मलाही मिळाला: ‘एकदा मुद्दाम चावून घे, भीती जाते.’ चावा येणार हे ठाऊक असताना हात झटकत नाही, आणि आपल्याला सराव हवाय तो अवचित चाव्याचा. शिवाय त्यासाठी पिल्लाला मुद्दाम घाबरवायचं, हे कुठलं शहाणपण?

धरून बसलीच तर ओढू नका. दात मागे वळलेले असतात. ओढलं की तुमची कातडी फाटते आणि तिचे दात तुटतात. हात सापासकट गादीवर टेकवा आणि थांबा, बहुतेक वेळा आपण होऊन सोडते. नाही सोडलं तर थंड पाण्यात हात बुडवा. मग साबण-पाण्याने जखम धुवायची. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी घेतलेलं असावं.

आता हे आधी लिहायला हवं होतं: हे सगळं जातीची ओळख पक्की असलेल्या, पाळीव पैदाशीच्या, बिनविषारी सापाबद्दल आहे. कुठेतरी सापडलेल्या पिल्लाला यातलं काहीही लावू नका. विषारी सापाच्या पिल्लात जन्मापासून विष असतं. पाळण्याचा कायदा जिथल्या तिथे वेगळा, तोही बघून घ्या. हॉगनोज या दुसऱ्या जातीचा पाळीव साप असेल तर ‘थांबा, आपण होऊन सोडेल’ हे लागू नाही, कारण त्याला सौम्य विष असतं आणि चावत राहिला तर हात सुजतो. चेहऱ्याजवळ कुठलाच साप नेऊ नका. आणि साप निरोगी दिसला तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून हात आधी धुवायचे तसे नंतरही. घरात पाच वर्षांखालचं मूल, गर्भवती बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर त्यांनी हाताळूच नये.

दादाचंही एक बरोबर होतं, ते लिहिलं नाही तर तो खाली येऊन लिहील. पेटीच्या झाकणाला कडी लावायचा आग्रह त्याचाच. त्याशिवाय सुतळी आणखी दोनदा फ्रिजमागे गेली असती. तेवढं सोडलं तर सहा वर्षांत त्याने तिला एकदाही हातात घेतलेलं नाही. विचारलं की म्हणतो, मला भीती वाटत नाही, मला गरज वाटत नाही.

किती दिवस लागतील ते मात्र मला सांगता येणार नाही. तुम्ही पेटीचं तापमान लिहिलेलं नाही, लपायची जागा एक आहे की दोन ते लिहिलेलं नाही, आणि पिल्लाने शेवटचं कधी खाल्लं हेही नाही. त्या दोन झडपा जेवणाच्या दिवशी होत्या का? तेवढं लिहा, मग पुढचं बघू.