लंडनमध्ये फ्रॉड आणि पेन्शनच्या गुन्ह्यांचे खटले लढवणारा बॅरिस्टर नेमकं काय काम करतो?

तुमच्या मुलीला इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होऊन आर्थिक गुन्ह्यांत काम करायचंय. ती दिवसभर काय करेल आणि पेन्शनचा गुन्हा म्हणजे काय, हे तुम्ही विचारलंय.

पहिली गोष्ट, कोर्टात उभं राहून बोलणं हा या कामाचा छोटा भाग आहे. छापा पडला, चौकशीला बोलावलं, की अशिलासोबत असतो तो सॉलिसिटर, म्हणजे अशिलाचं काम थेट घेणारा वकील. तो बॅरिस्टरला ब्रीफ, म्हणजे खटल्याचे कागद नि सूचना, पाठवतो आणि चेंबर्समधले (बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयातले) क्लार्क तारखा नि फी ठरवतात. मोठ्या खटल्यात एक के.सी. (किंग्ज कौन्सेल, म्हणजे ज्येष्ठ बॅरिस्टर) आणि हाताखाली ज्युनिअर असतात. ज्युनिअरच्या वाट्याला हटकून येतं ते डिस्क्लोजर, म्हणजे सरकारी पक्षाने बचावाला कागद उघड करणं, आणि माझ्या मते फ्रॉडचे खटले तिथेच जिंकले-हरले जातात.

१९९६ च्या कायद्याने सरकारी पक्षावर एक बंधन आहे. आपली बाजू कमकुवत करणारा किंवा बचावाला मदत करणारा कागद, स्वतः वापरणार नसला तरी, समोरच्याला द्यायचा. त्यानंतर बचाव पक्ष साधारण २८ दिवसांत आपलं लेखी निवेदन देतो, आणि तरीही काही मिळालं नाही तर त्याच कायद्याच्या कलम ८ खाली कोर्टाकडे अर्ज करतो. नवखे इथे चुकतात. ‘सगळे ईमेल द्या’ असा अर्ज टिकत नाही. कोणाचा मेलबॉक्स, कोणत्या तारखा, कोणत्या मुद्द्यासाठी, हे लिहावं लागतं. सरकारी पक्षाची चूक याहून महाग पडते. २०२१ मध्ये सर्को या सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपनीच्या दोन माजी संचालकांवरचा खटला डिस्क्लोजरमधल्या त्रुटींमुळे कोसळला. त्याच वर्षी उनाऑइल या तेलक्षेत्रातल्या कंपनीच्या लाचखोरी प्रकरणातली एक शिक्षाही अपिलात रद्द झाली, आणि तिथेही कारण कागद न देणं हेच होतं. जप्त लॅपटॉपमध्ये वकिलाशी झालेला पत्रव्यवहार असेल तर तो खटल्याबाहेरचा स्वतंत्र बॅरिस्टर चाळून वेगळा काढतो. तपास अधिकाऱ्यांनी तो आधीच वाचला, तर निस्तरणं फार कठीण.

पुढचं काम कालक्रमाचं, म्हणजे कोणी कधी काय केलं याचा तक्ता बनवण्याचं. २००६ च्या फ्रॉड कायद्यात नुकसान प्रत्यक्ष झालंच पाहिजे असं नाही. खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान, अप्रामाणिकपणा आणि लाभाचा किंवा नुकसानीचा हेतू सिद्ध झाला की पुरे. कमाल शिक्षा १० वर्षं. अप्रामाणिकपणा ठरवताना ज्युरी (दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिक) आधी पाहते की त्या दिवशी आरोपीला खरोखर काय ठाऊक होतं, नि मग ते सर्वसामान्य सभ्य माणसाच्या कसोटीवर घासते. म्हणून तक्त्यात तारीख, कागदाचा क्रमांक, पाठवणारा, रक्कम, संबंधित आरोप हे रकाने तर हवेतच, पण ‘वाचल्याचा पुरावा काय’ हाही हवा. सीसीमध्ये नाव असणं म्हणजे वाचणं नव्हे.

कंपनीवरच्या आरोपांचा कायदा नुकताच बदललाय. १ सप्टेंबर २०२५ पासून फ्रॉड रोखण्यात अपयश हा मोठ्या संस्थांसाठी स्वतंत्र गुन्हा आहे, आणि वाजवी प्रतिबंधक व्यवस्था होती हे दाखवणं हा बचाव.

आता पेन्शन. बीएचएस ही दुकानांची साखळी २०१५ मध्ये एका पौंडाला विकली गेली, २०१६ मध्ये बुडाली, आणि पेन्शन योजनेत ५७.१ कोटी पौंडांची तूट निघाली. खरेदीदार कंपनीचा प्रमुख २०१८ मध्ये दोषी ठरला तो पेन्शन नियामकाने मागितलेली माहिती न दिल्याबद्दल, ज्याला फक्त दंड आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक कलमं आली: ५८अ म्हणजे मालक कंपनीचं योजनेला असलेलं देणं हेतुपुरस्सर बुडवणं किंवा टाळणं, तेही वाजवी कारण नसताना, ५८ब म्हणजे वाजवी कारण नसताना सदस्यांचं ठरलेलं पेन्शन धोक्यात घालणारी कृती. दोन्हींत ७ वर्षांपर्यंत कैद. ५८ब अधिक धोकादायक, कारण ‘कळायला हवं होतं’ एवढंही पुरतं, आणि ते मालकापुरतं नाही, कर्ज देणाऱ्यालाही लागू शकतं.

समजा, पेन्शन योजनेत तूट असलेल्या कंपनीने इमारत बँकेकडे गहाण टाकली आणि मूळ कंपनीला मोठा लाभांश दिला. बॅरिस्टर विचारेल: ॲक्चुअरीचा (योजनेचं देणं मोजणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल तेव्हा काय सांगत होता? योजनेच्या विश्वस्तांना आधी कळवलं का? योजनेला बदल्यात काय मिळालं? ‘वाजवी कारण नव्हतं’ हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचं असतं. तरी निर्णयाच्या दिवशीचं इतिवृत्त दोन ओळींचं असेल तर बचाव लंगडा पडतो, आणि मागाहून ‘सुधारलेलं’ इतिवृत्त तर नवा गुन्हा ठरू शकतं. पगारातून वर्गणी कापून ती योजनेत भरणं कपटाने टाळणं, हाही तिथे १९९५ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे पीएफ कापून न भरणाऱ्या मालकाला फौजदारी विश्वासघाताचं कलम लागतं, तसंच.

मुलीला आत्तापासून ताळेबंद आणि रोख प्रवाहाचं विवरणपत्र वाचायला लावा, एक्सेलमध्ये सूत्रं तपासायला शिकवा. आणि दहा पानांचा व्यवहार एका पानात लिहायचा सराव तिला रोज हवा, कारण ज्युरीतले बारा जण हिशेबनीस नसतात.