मंडळीचा इतिहास कुठून सुरू करू?

प्रश्न : आमच्या गावात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या काळापासूनची मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा समाज, आहे. तिचा इतिहास लिहायचं काम पंचकमिटीने माझ्यावर सोपवलंय. पण कोनशिलेवरचं मिशनरी साहेबांचं नाव आणि साल, एवढंच हाती आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नेवासे तालुका

उत्तर : भाऊ, कोनशिला देवळाची, म्हणजे चर्चच्या इमारतीची. मंडळी बहुधा त्याच्याही आधीची, झाडाखाली नाहीतर कुणाच्या ओसरीवर जमलेली. साहेबांबद्दल तुम्हाला पुष्कळ मिळेल. तुमच्याच भागातल्या वडाळ्याच्या फेअरबँकसाहेबांचं नाव तर पक्ष्यांच्या अभ्यासकांनाही माहीत आहे. शोधायची आहेत ती आपली माणसं. नगरची पहिली मंडळी 1833 सालची. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना 1854 मध्ये पाळकपदाची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूपदाची, दीक्षा मिळाली. तुमच्या गावातले पहिले पाळक, शाळेचे मास्तर, घरोघर जाऊन बायबल सांगणारी बायबलबाई कोण होती?

आधी बाप्तिस्म्याची वही मागून घ्या. माझ्या सासरच्या गावातल्या मंडळीची वही मी उघडली तेव्हा गावाच्या नावांचा अख्खा रकाना वाळवीने खाल्लेला होता. मी चुलतसासूबाईंजवळ बसले. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी एकेक नाव वाचायची, त्या डोळे मिटून सांगायच्या, “हा वरच्या वाडीचा. ही त्याची बहीण, नदीपलीकडे दिलेली.” दोन दुपारींत रकाना भरला. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

तारखा नीट बघा. 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांच्या आसपास एका दिवशी पुष्कळ नावं दिसली, तर ती गाळू नका. महार, मांग घरांतली ही माणसं. ‘पोटासाठी बाटले’ हे त्यांनी जन्मभर ऐकलं. पण पाऊस पडल्यावर, धान्य आल्यावरही कितीजण उपासनेला येत राहिले, हे लग्नांच्या नोंदींवरून आणि त्याच वहीतल्या मुलांच्या बाप्तिस्म्यांवरून कळतं. मला तर ते फार मोठं वाटतं. जे परत गेले, त्यांचंही लिहा.

‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक नगरला 1842 मध्ये सुरू झालं. त्याच्या जुन्या अंकांत गावोगावच्या मंडळ्यांच्या बातम्या येत. पण ते नंतर बघता येईल. या रविवारी उपासना सुटली की सगळ्यांत वयस्कर आजींना घरी सोडायला जा, आणि वही सोबत न्या.