पहिल्या बाळंतपणातच सिझेरियन का करावे लागले?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तपासण्या सर्व ठीक होत्या. तारीख उलटल्यावर बेळगावातील एका दवाखान्यात कळा येण्याचे औषध दिले आणि दुसऱ्या दिवशी सिझेरियन केले. नाळ गळ्याभोवती होती, असे आम्हाला सांगण्यात आले. कागदावर मात्र ‘प्रसूतीत प्रगती नाही’ असे लिहिले आहे. सही घेतली तो कागद कन्नडमध्ये होता. मुलीने अंग हलवले नाही म्हणून असे झाले, असे शेजारणी म्हणतात. खरे कारण कोणते समजावे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, शेजारणींचे बोलणे आधी मनातून काढून टाका आणि मुलीलाही तसे सांगा. गरोदरपणी चालणे-फिरणे चांगलेच. पण कामात कसूर केली म्हणून सिझेरियन होत नाही.

वार (बाळाला पोसणारी नाळेची गादी) गर्भपिशवीच्या तोंडावर असणे, बाळ आडवे असणे, नाळ बाळाच्या आधी बाहेर येणे, अशा वेळी शस्त्रक्रियेला पर्याय नसतो आणि तेव्हा नातेवाइकांनी घासाघीस करत बसणे धोक्याचे असते. बाळ पायाळू असेल तर पहिलटकरणीला बहुधा सिझेरियनच सुचवले जाते. परंतु पहिलटकरणींची बरीच सिझेरियन्स होतात ती कळा सुरू असूनही प्रसूती पुढे सरकत नाही म्हणून, किंवा बाळाच्या ठोक्यांत फरक दिसला म्हणून. ही दोन्ही कारणे खरी असू शकतात. मात्र त्यांत डॉक्टरांच्या निर्णयाला वाव असतो, आणि प्रश्न विचारायचे ते इथेच.

पहिल्या खेपेला पिशवीचे तोंड सावकाश उघडते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ते 5 सेंटिमीटर उघडल्यावर जोराच्या कळांचा टप्पा सुरू झाला असे धरतात, आणि पहिलटकरणीच्या बाबतीत तिथून पुढे तो सहसा 12 तासांपेक्षा जास्त लांबत नाही. त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक मुदत नाही. तारीख उलटल्यावर कळा आणणे योग्य असू शकते, परंतु तोंड मऊ झालेले नसताना औषध दिले तर एक दिवसही अपुरा पडू शकतो. म्हणून तुमच्या मुलीचे तोंड किती सेंटिमीटर उघडले होते, ठोके कसे होते, गर्भजल हिरवट झाले होते का, हे पाहिल्याशिवाय निर्णय घाईचा होता की योग्य, हे मी सांगू शकत नाही. या नोंदी दवाखान्याच्या केसपेपरवर असतात आणि त्यांची प्रत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

नाळेचे म्हणाल, तर साधारण चारांपैकी एका बाळाच्या गळ्याभोवती ती असते आणि त्यांतील बहुतेक बाळे नेहमीच्या मार्गाने सुखरूप जन्मतात. ठोके बिघडले नसतील, तर केवळ नाळेचा वेढा हे सिझेरियनचे कारण ठरत नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांतील 47.4 टक्के, तर सरकारी दवाखान्यांतील 14.3 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसते. अवघड रुग्ण कुठे जातात याचा विचार केला, तरी एवढी तफावत केवळ वैद्यकीय कारणांची असेल, असे मला वाटत नाही.

कन्नड कागदाबद्दल मला मनापासून वाईट वाटते. आपल्या भागात हे वारंवार घडते. रुग्णाला कळेल अशा भाषेत समजावल्याशिवाय घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. कळांच्या खोलीत मराठी बोलणारी परिचारिका बहुधा असतेच. तिला बोलावून कागद वाचून दाखवायला सांगावे, आणि तातडी असेल तर निदान कारण तोंडी विचारून घ्यावे.

डिस्चार्ज कार्ड तायी कार्डासोबत (गरोदरपणातील तपासण्यांच्या नोंदींचे सरकारी कार्ड) जपून ठेवा. पिशवीवरचा छेद कसा घेतला, याची नोंद त्यावर नसेल तर आताच लिहून घ्या. छेद खालच्या बाजूला आडवा असेल, तर पुढचे बाळंतपण नैसर्गिक होण्याचा प्रयत्न करता येतो आणि असे प्रयत्न बहुतांश वेळा यशस्वी होतात. मात्र ते गावी किंवा लहान प्रसूतिगृहात न करता, शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय रात्रीही तयार असेल अशाच ठिकाणी करावेत.