थंडीत दुसरा गिअर का अडतो?

प्रश्न : दूधवाटपाची आमची व्हॅन निफाडहून पहाटे साडेचारला निघते. डिसेंबर लागला की पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर पडता पडत नाही. जोर लावला तर कर्रकन आवाज येतो. गाडी तापली की सगळं सुरळीत. गिअरबॉक्स उघडावा लागेल का? — एक वाचक

उत्तर : गाडी तापल्यावर त्रास जातोय ना, मग उघडायची घाई नको. गारठ्यात गिअर ऑइल घट्ट होतं. गिअर पडताना वेग जुळवून देणाऱ्या भागाला सिंक्रो म्हणतात. त्याच्या पितळी रिंगेवर बारीक आटे असतात, ते ऑइलचा थर कापून गिअरच्या शंकूला पकड देतात. ऑइल घट्ट असलं की थर लवकर कापला जात नाही, वेग जुळायच्या आत दात दातांवर घासतात.

आधी गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल तपासा. पहाटे, इंजिन बंद असताना, गिअरबॉक्सकडची क्लिप काढून केबल सोडा आणि दांडा हलवा. तेव्हाही जड लागला तर दोष केबलचा. पावसाळ्यात केबलवरच्या फाटक्या रबरी आवरणातून (बुटातून) पाणी-चिखल आत जातो आणि तार गंजते. अशी केबल ऑइल पाजून सुधारत नाही, बदलाच. टोकाचा प्लास्टिक बुश ढिला असेल तर तोही बदला.

केबल मोकळी निघाली तर ऑइल बदला. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, ऑइल कोमट असताना काढा. आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का बघा. तो अडकलेला असेल आणि खालचा आधी काढलात, तर गाडी जागेवरच बसेल. खालच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप दिसेल, तो चालतो. लोखंडी कपच्या दिसल्या, किंवा ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली (म्हणजे रिंगा झिजल्यात), तर मात्र मेकॅनिकला गाठा. नवं ऑइल सपाट जागेवर, भोकाच्या काठाशी येईपर्यंत भरा. ग्रेड, म्हणजे ऑइलच्या घट्टपणाचा आकडा, मॅन्युअलमधलाच घ्या. ७५डब्ल्यू-९० चालत असेल तर पहाटे ते ८०डब्ल्यू-९० पेक्षा पातळ राहतं.

सुरू केल्यावर हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये, क्लच सोडून मिनिटभर थांबा. क्लच सोडलेला असला तरच आतले शाफ्ट फिरतात आणि ऑइल घुसळलं जातं. दुसरा टाकताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थबका, मग दांडा हलक्या हाताने दुसऱ्यात न्या.

प्रश्न : गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४, जीएल-५ असा दर्जा लिहिलेला असतो. जीएल-४ ऐवजी जीएल-५ टाकलं तर? — एक वाचक

उत्तर : मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर टाकू नका. जीएल-५ मधली जास्त गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळी रिंगांना बाधू शकतात. मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचं ऑइल वेगळं असतं, दोन्ही डबे शेजारी ठेवून गफलत होऊ देऊ नका.