गोळीने कंप कमी होतो, मग आजार का थांबत नाही?

प्रश्न : माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपाच्या गोळीमुळे त्यांना सदऱ्याची बटणे पुन्हा लावता येऊ लागली; तरीही आजार वाढतच जाईल, असे डॉक्टर सांगतात. हे कसे?

उत्तर : वडिलांना पडलेला फरक खरा आहे आणि डॉक्टरांचे म्हणणेही खरे आहे. या आजारात मेंदूतील डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारे संदेशवाहक रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, आणि हात थरथरू लागेपर्यंत त्यांतील बऱ्याचशा नष्ट झालेल्या असतात. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा मात्र शिरते आणि तेथे त्याचे डोपामिन बनते. म्हणजेच गोळी उणीव भरून काढते, पेशींचा ऱ्हास रोखत नाही.

या ऱ्हासामागचा महत्त्वाचा धागा १९९७ साली हाती आला. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या पार्किन्सन्सचे मूळ अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या जनुकातील बदलात असल्याचे तेव्हा दिसले, आणि रुग्णांच्या मेंदूपेशींत सापडणाऱ्या ‘लेवी बॉडी’ नावाच्या गुठळ्यांतही हेच प्रथिन साचलेले असते, हे त्याच वर्षी स्पष्ट झाले. तेव्हापासून या प्रथिनाला लक्ष्य करणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) रुग्णांवर तपासली गेली आहेत. मात्र आजार निश्चितपणे थांबवणारे औषध अद्याप मिळालेले नाही.

माझ्या मते खरी अडचण निदानाला होणाऱ्या उशिराची आहे. वास कमी येणे, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे ही लक्षणे कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात, म्हणून पाठीच्या कण्यातील द्रवात बिघडलेले प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीकडे संशोधक आशेने पाहत आहेत. तूर्तास वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा काटेकोर पाळा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित व्यायाम चालू ठेवा.