पहिली छोटी लक्झरी एसयूव्ही घेताय? ऑप्शन निवडताना हे बघा

प्रत्येक ऑप्शनबद्दल आधी एकच विचारा: हे नंतर बसवता येईल का? ३६० अंशांचा कॅमेरा, व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळवणारी) सीट, मॅट्रिक्स एलईडी हेडलाइट (समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून झोताचा तेवढाच भाग बंद करणारे) यांचं वायरिंग आणि कंट्रोल युनिट कारखान्यातच बसलेलं बरं. बाहेर करायला गेलात तर वॉरंटीचा वाद उभा राहतो. मॅट, मडफ्लॅप मात्र शोरूममधून घेऊ नका, बाहेर स्वस्त मिळतात.

चाकांचा हट्ट तर सोडाच. १९ इंची अलॉय देखणी दिसतात, पण टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची रबरी भिंत, बुटकी असते. खड्ड्यात जोरात आदळली की रिम वाकते नाहीतर साइडवॉलला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. आपल्या रस्त्यांना १७-१८ इंच पुरे. रन-फ्लॅट टायर असतील तर बहुधा स्टेपनी मिळत नाही. या टायरांवर हवा गेल्यावरही ताशी ८० किमीच्या आत साधारण ८० किमी जाता येतं. रात्री घाटातून कोकणात उतरणाऱ्यांनी स्टेपनीची चौकशी बुकिंगआधीच करावी.

पॅनोरमिक सनरूफ घेतलंत, तर कोपऱ्यांतल्या ड्रेन पाइपांत पानं-माती अडकते आणि पाणी छताच्या अस्तरात झिरपतं. मेअखेरीस ते साफ करून घ्या.